वेतोबाच्या चपला आणि तुमचा पहिला अंक

प्रति,
डीसी आणि मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्सच्या दोन्ही घरची संपादक मंडळी,
मुक्काम बर्बँक आणि न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र शिरोड्याहून लिहितोय. तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग. बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, श्रावणात राख्या, चवथीला मखराचे रंगीत कागद, आणि वर्षभर झेरॉक्स. सुपरहिरोंची कॉमिक्स मी विकत नाही. इथे घेणार कोण? पण विकत घेतो मात्र पस्तीस वर्षं. तेवढ्या हक्कानं लिहितोय. तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. तुमच्या बॅटमॅनच्या तोंडचं इंग्रजी कळावं म्हणून मी शाळेत असताना डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचो. आता एकदा तुम्ही बसा.

निमित्त घडलं ते मुलीमुळे. सातवीत आहे. स्पायडरमॅनचे ते नवे ॲनिमेशनचे सिनेमे बघून तिच्या डोक्यात बसलं की आता मूळ कॉमिक वाचायचं. मला म्हणाली, "बाबा, कुठून सुरू करू?" मी म्हटलं, पहिल्या अंकापासून कर. "कुठल्या पहिल्या?" मला वाटलं थट्टा करतेय. तिनं मोबाइल पुढे केला. 'अमेझिंग स्पायडरमॅन', पहिला अंक, १९६३. मग परत पहिला अंक १९९९ साली. परत २०१४. लगेच २०१५. मग २०१८, २०२२ आणि २०२५. एकाच मासिकाचे सात पहिले अंक. "आमच्या शाळेत कोणी सात वेळा पहिलीत बसला ना," ती म्हणाली, "तर बाई त्याच्या आईला बोलावून घेतात."

आता यातले सगळेच काही रिबूट, म्हणजे जुनं पुसून गोष्ट नव्यानं मांडणं, नव्हेत, मला माहीत आहे. मार्व्हल बहुतेक वेळा नुसता आकडा बदलतं आणि गोष्ट तीच पुढे नेतं. डीसी थेट जगच पुसतं. पण दोघांचं कारण एकच असतं, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत: नवीन वाचकासाठी. जुना पसारा बघून नवीन वाचक घाबरतो, म्हणून.

माझी नवीन वाचक घाबरली नव्हती. ती गोंधळली होती. दोन दिवस यादीशी झटापट करून तिनं नाद सोडला आणि मैत्रिणीकडून 'वन पीस'चा पहिला खंड आणला. जपानी समुद्री चाच्यांची ती गोष्ट १९९७ साली सुरू झाली, २०२१ मध्ये शंभरावा खंड निघाला, लिहिणारा-काढणारा माणूस एकच, आणि अजून चालूच आहे. शंभरावर खंड! एवढा ढीग बघून तिला धडकी भरायला हवी होती ना, तुमच्या हिशेबानं? ती म्हणते, "बरं झालं, लवकर संपणार नाही."

हिशेबावरून आठवलं. दुकानदाराला आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. ३१ ऑगस्ट २०११ ला 'जस्टिस लीग'चा पहिला अंक आला आणि सप्टेंबरभरात डीसीनं ५२ मासिकं एक आकड्यापासून सुरू केली. 'ॲक्शन कॉमिक्स' १९३८ पासून चालत चालत ९०४ वर पोचलं होतं, 'डिटेक्टिव्ह' ८८१ वर. दोघांनाही परत एकवर आणून बसवलंत. पाच वर्षांनी, २०१६ साली, 'रिबर्थ' म्हणत आलात तेव्हा ॲक्शनचा पुढचा अंक ९५७ आणि डिटेक्टिव्हचा ९३४. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. पुठ्ठ्यामागे मांडून पाहिलं. ९०४ अधिक ५२, ९५६. ८८१ अधिक ५२, ९३३. चोख! म्हणजे जुनी चोपडी तुम्ही फेकली नव्हतीतच. कपाटात कुलूप लावून ठेवली होती आणि हजाराव्या अंकाचा सोहळा जवळ आला तशी काढलीत. दिवाळीच्या पाडव्याला आम्हीही नवी चोपडी घालतो. तिची पूजा होते, कुंकवाचं स्वस्तिक निघतं, आणि पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली जाते: मागील बाकी. ज्याचे पैसे आपल्याकडे जमा आहेत त्याला, नवी चोपडी आली आता तुझं काही नाही, असं सांगणाऱ्या दुकानात दुसऱ्या दिवशी कोण चढेल?

माझी जमा कुठून सुरू झाली ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी कशाबद्दल भांडतोय.

गिरगावातला मामा दर चवथीला यायचा. त्याच्या पिशवीत आमच्यासाठी दोन गोष्टी ठरलेल्या: खारे शेंगदाणे आणि इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली सुरू केलेली ही पुस्तकं मराठीतही निघत. त्यांत ली फॉकचा फँटम असे, आणि मराठीत त्याचं नाव होतं वेताळ. नाव ज्यानं कोणी दिलं त्याला माझा दंडवत. कारण आमच्या शेजारच्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडताना लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, सोबत केळ्यांचा घड. देवळात गेलात तर त्या चपला दिसतील. आणि इकडे मामाच्या पिशवीतला वेताळ, तोही रात्रीचा फिरणारा, तोही रानातल्या लोकांचा राखणदार, त्यालाही लोक अमर समजायचे. आठ वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे? कितीतरी दिवस माझी पक्की समजूत होती की हा आपलाच देव असून कामानिमित्त आफ्रिकेत असतो. मामासारखा. चाकरमानी.

त्या वेताळाची खुबी तुम्हाला माहीत असणारच. तो अमर नाहीच. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्यावर वाहून आला, त्यानं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तो गेल्यावर मुलगा, मग नातू. आम्ही वाचत होतो तो एकविसावा. मुखवटा तोच, अंगठी तीच, आतला माणूस पिढीगणिक वेगळा. १९७७ साली त्यानं डायनाशी लग्न केलं, मग जुळी मुलं झाली. कोणी म्हटलं नाही की आता हा बायकोपोरांचा झाला, नवीन वाचकाला आवडणार नाही, पुसा. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं ते वेगळ्या कारणांनी. पण बंद होईपर्यंत माझ्या वेताळानं माझी एकही आठवण परत मागितली नाही.

आरवलीला वेतोबाची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती. आता पंचधातूची आहे. म्हणजे बघा, मूर्तीसुद्धा नवी केली. चपला तर सतत नव्या. तरी कोणी म्हणत नाही की हा दुसरा वेतोबा, याला आमच्या आज्याचा नवस माहीत नाही.

पुढे मी काही वर्षं मुंबईत नोकरीला होतो. फोर्टात फाउंटनपाशी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे, तिथे तुमची जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळायची. कधी सलग नाही. पाचवा मिळाला तर सहावा नाही, शेवट आधी आणि सुरुवात दोन वर्षांनी. कोण कोणाचा कोण हे आम्ही पत्रावळीवरच्या उष्ट्यावरून जेवण ओळखावं तसं ओळखायचो. गोष्ट मधूनच सुरू झाली म्हणून एकही अंक मी परत ठेवला नाही. उलट त्या अर्धवटपणातच मजा होती; या माणसांना आपल्याआधीही आयुष्य आहे असं वाटायचं. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी वडील गेले. ट्रंकभर कॉमिक्स घेऊन सावंतवाडी स्टेशनला उतरलो, तो इथलाच झालो. दर पावसाळ्यानंतर ती ट्रंक उघडून अंकांना ऊन दाखवतो. बुरशी, कसर, वाळवी, या तिघांशी माझी लढाई तुमच्या कुठल्याही क्रॉसओव्हरपेक्षा, म्हणजे सगळे हिरो एकत्र लढतात त्या गोष्टीपेक्षा, मोठी आहे.

आता जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. लहानपणी पोलिओ झालेला. दहावीनंतर काही वर्षांनी अपंगांच्या कोट्यातून तिला एसटीडी बूथ मिळाला. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना कसं सांगू? काचेची पेटी, लाल आकड्यांचं मीटर, रात्री दर उतरले की बाहेर रांग. गावातली निम्मी पोरं जहाजावर किंवा आखातात. कोणाचं जहाज कुठल्या बंदरात लागलंय, कोणाचे पैसे आले नाहीत, मुंबईत कोणाला दवाखान्यात ठेवलंय, हे आधी तिला कळायचं आणि मग गावाला. चाकाच्या खुर्चीत बसून ती सगळा गाव हलवायची. मी तिला फाउंटनवरून आणलेले ओरॅकलचे अंक वाचायला दिले. बार्बरा गॉर्डन, एकेकाळची बॅटगर्ल. १९८८ सालच्या 'द किलिंग जोक' या पुस्तकात जोकरनं गोळी घातली, कमरेखालून पाय गेले, आणि त्या पुस्तकात तिचं काम तेवढंच होतं: गोळी खाणं. ते न पटलेल्या किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवरा-बायकोनं तिला १९८९ मध्ये परत आणली, ओरॅकल म्हणून. खुर्चीतून उठवली नाही, संगणकापुढे बसवली. बॅटमॅनसकट सगळे तिला विचारून पाऊल टाकू लागले. बूथवालीनं अंक दोन दिवसांत परत केला. म्हणाली, "ही माझाच काम करता."

सप्टेंबर २०११ मध्ये तुमच्या नव्या जगात बार्बरा चालत आली. परत बॅटगर्ल. उपचार झाले, बरी झाली, आणि ओरॅकल म्हणून घालवलेली वीस-बावीस वर्षं कुठे गेली त्याचा पत्ता नाही. लिहिणारी गेल सिमोन होती, तिनं पूर्वी ओरॅकललाही जीव लावून लिहिलं होतं, आणि त्या नव्या मालिकेतही धक्क्यातून सावरणाऱ्या मुलीचं मन तिनं चांगलं धरलंय. तिच्यावर माझा राग नाही. मी बूथवर जाऊन बातमी सांगितली. तोवर एसटीडीची रया गेली होती, ती मोबाइलचं रिचार्ज करून द्यायची. तिनं चित्र निरखून पाहिलं. म्हणाली, "तिका चालती केल्यानी, ता बरा झाला. पण बसान होती तेवा काय अर्धी होती?"

हा प्रश्न मी तुमच्यापर्यंत पोचवतोय. उशीर झाला, चौदा-पंधरा वर्षं झाली, पण उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. नव्या वाचकाला खुर्चीतली नायिका चालणार नाही असं कोणी ठरवलं? त्या नव्या वाचकांत एकही खुर्चीतली नव्हती का?

तुमचा हा नवा वाचक मला आमच्याकडच्या एका पाहुण्यासारखा वाटतो. चवथीला मुंबईहून येणार येणार म्हणून त्याच्यासाठी खोली रिकामी करतात, गादी घालतात, घरातली माणसं पडवीत चटईवर झोपतात. आणि तो काही येत नाही. त्याला सुट्टी मिळत नाही. गंमत म्हणजे, तो आला नाही हे तुम्ही स्वतःच मोजून पाहिलंत. नव्या ५२ मासिकांनंतर डीसीनं नीलसेन या कंपनीकडून वाचकांचं सर्वेक्षण करून घेतलं, २०१२ च्या सुरुवातीला निकाल सांगितले. उत्तर देणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष, आणि कॉमिक्समध्ये अगदी नवखे असे मूठभर. बाकी सारे आम्हीच. जुनेच. काही जण सोडून गेलेले परत आले होते, एवढंच. आमचीच ओळख पुसून, ती नव्यासाठी पुसली म्हणत, परत आम्हालाच विकली. वर चार वेगवेगळी मुखपृष्ठं, कारण यांच्यातला एखादा चारही घेईल हे तुम्हाला माहीत.

आणि बायकांचा आकडा इतका कमी का, याचं कोडं पडलं असेल तर स्टारफायरकडे बघा. टीन टायटन्सचं कार्टून इकडेही टीव्हीवर लागायचं. त्यातली भोळी, मोठ्यानं हसणारी स्टारफायर किती मुलींची लाडकी होती. ती कार्टूनची पोर २०११ ला पहिला अंक उघडते आणि तिथे तिची स्टारफायर जेमतेम कपड्यांत, मित्रांची नावंही धड न आठवणारी, येईल त्या पुरुषाला जवळ करायला तयार. हा अंक मुलीला वाचायला दे म्हणून कोणी मला सांगितलं असतं तर मी दुकानातून बाहेर काढलं असतं. यापुढे लिहवत नाही.

मार्व्हलवाल्यांनी हसू नये. पीटर पार्करचं लग्न तुम्ही १९८७ साली थाटात लावलंत. वीस वर्षं संसार झाला. २००७ मध्ये मे काकूंचा जीव वाचवण्याच्या बदल्यात ते लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाला देऊन टाकलंत. काडीमोड नाही, भांडण नाही; झालंच नव्हतं! माझ्या बायकोला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही, पण हे ऐकल्यावर तिनं विचारलं, "आणि मेरी जेनला कोणी विचारलं का?" (विचारलं होतं, खरं म्हणजे. पण ते तिला समजावायला गेलो असतो तर रात्र झाली असती.) लग्न झालेला नायक तरुण वाचकाला आपला वाटत नाही, हे तुमचं म्हणणं. मग २०२४ च्या जानेवारीत जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचा 'अल्टिमेट स्पायडरमॅन' आला. त्यात पीटर पस्तिशीचा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. पहिल्या अंकाच्या आवृत्तीवर आवृत्ती काढावी लागली. सतरा वर्षांपूर्वी जे आमच्या घरातून उचलून नेलंत, तेच शेजारच्या घरात मांडलंत, आणि लोक रांग लावून बघायला गेले.

शेजारच्या घराला माझी ना नाही, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्याला काही नवं नकोच. २००० साली वेगळ्या जगातली 'अल्टिमेट' मालिका काढलीत तेव्हा जुनी बंद केली नव्हतीत. एक अंगण जुन्याचं, एक नव्याचं, ज्याला जिथे बसायचं तिथे बसावं. २००४ मधला आपला पवित्र प्रभाकर असाच. धोतर नेसलेला मुंबईचा स्पायडरमॅन. चार अंकांत आटोपला, थोडा भाबडा होता, पण त्यानं कोणाचं काही हिसकावलं नव्हतं. सिनेमात आला तेव्हा माझी मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. मग तुम्हाला त्याची परत आठवण झाली आणि २०२३ ला आणखी एक छोटी मालिका आली. एवढ्या मोठ्या देशातला वाचक तुम्हाला सिनेमा चालला की आठवतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

डीसीच्या १९८५ च्या 'क्रायसिस'बद्दलही माझी तक्रार नाही. पन्नास वर्षांत अनंत पृथ्व्या झाल्या होत्या, मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांत त्या आवरल्या. पावसाआधी घर शाकारावं लागतंच. पण त्यात बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश, मेला तो खरा मेला, आणि फ्लॅशचा वेश त्याच्या बायकोच्या भाच्यानं घातला. वॉली वेस्ट. आतोबाची गादी भाच्यानं चालवली! पंचवीस वर्षं. आधी घाबरत, मग सावरत, मग आतोबापेक्षा सवाई होऊन. आम्ही त्याच्याबरोबर मोठे झालो, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. मग २००८ मध्ये बॅरीला परत जिवंत केलंत, आणि २०११ मध्ये खुर्चीवर बॅरी एकटाच, वॉली गायब. त्याला आणायला २०१६ उजाडलं. शाकारणी एकदा असते. दर काही वर्षांनी कौलांबरोबर घरातली माणसंही उतरवून ठेवायला लागलात तर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

नवा वाचक कसा आणायचा हे तुम्हाला येत नाही असंही नाही. २०१४ ची 'मिझ मार्व्हल' बघा. जर्सी सिटीतली कमला खान, पाकिस्तानी आईबापांची मुलगी, घरात जेवणावरून आणि यायच्या वेळेवरून भांडणं. आमच्या घरासारखीच. कॅरल डॅनव्हर्स कॅप्टन मार्व्हल झाली होती, तिचं जुनं नाव रिकामं होतं, तिच्या या भक्त मुलीनं ते उचललं. कॅरलला कोणी पुसलं नाही. उलट कमलामुळे कॅरल मोठी वाटली. माझ्या मुलीनं वाचलेलं तुमचं एवढं एकच कॉमिक, आणि तिला त्यासाठी मागचं काहीही माहीत असावं लागलं नाही. (त्यालाही १९ अंकांनंतर परत पहिला अंक लावलात. हात शिवशिवतात तुमचे.)

मागचं माहीत असणं म्हणजे काय, ते बघायला डिसेंबरात इकडे या. जत्रांचे दिवस असतात. मध्यरात्रीनंतर देवळापुढे दशावतार उभा राहतो. पेटी, पखवाज, झांज. आधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, संकासूर मालवणीत टवाळी करून जातो, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी बसून कथा ठरते आणि संवाद जागेवर उभे राहतात. राजपार्टी, म्हणजे राजाचं सोंग, कधी बापाच्या जागी मुलगा करतो. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आईच्या मांडीवर झोपली होती. तीन वाजता तलवारी आपटल्या तशी जागी झाली. "आजी, हो कोण?" माझी आई म्हणाली, "हो भीम. तो कीचक. तेच्या वायट मनात आसा." झालं. पोरगी सकाळपर्यंत डोळे ताठ करून बसली. हजारो वर्षांची कंटिन्युइटी, म्हणजे मागच्या गोष्टींची सलग साखळी, साडेतीन वाक्यांत. शेजारी बसलेल्या आजीलाही पूर्ण ठाऊक असलेली गोष्ट, तरी तीही तितकीच पुढे सरकून बघत होती. तिच्यासाठी आणि नातीसाठी वेगळा भीम आणावा लागला नाही.

तुमच्या अंकात ती आजी हवी आहे. पहिल्या पानावर चार ओळी, कोण कोणाचा कोण आणि काल काय झालं. मार्व्हल काही अंकांत देतं, डीसीनंही द्यावं. आमच्या चांदोबात विक्रम-वेताळाची गोष्ट दर महिन्याला त्याच प्रसंगानं सुरू व्हायची. हट्टी राजा, झाड, खांद्यावर प्रेत. ज्याच्या हाती पहिल्यांदा अंक आला तो त्या परिच्छेदाच्या दारातून आत यायचा, आणि आम्ही जुने तोच परिच्छेद तोंडपाठ म्हणायचो. एवढं स्वस्त काम आहे हे. आकडा बदलायची काही गरज नाही.

दुसरं, किमतीचं बघा. वीस-बावीस पानांना चार डॉलर. यात एसटीचं तिकीट काढून शिरोड्याहून वेंगुर्ल्याला जाऊन, जेवून परत येता येतं आणि तरी पैसे उरतात. २०११ चं एक श्रेय मात्र तुम्हाला देतो: छापील अंक आणि डिजिटल अंक त्या वेळी सगळ्या मासिकांचे एकाच दिवशी यायला लागले. शिरोड्यातल्या माणसाला न्यूयॉर्कवाल्याच्याच दिवशी बॅटमॅन. आमच्यापर्यंत पोचायची वाट तुम्ही उघडलीत, आणि त्याच दिवशी आत जे होतं ते बदलून टाकलंत. नवा वाचक भीत होता तो पसाऱ्याला नव्हे. तो दुकानापासून लांब होता आणि खिसा लहान होता.

तिसरं काही नाही. माणसांना वय येऊ द्या, एवढंच. मरू द्या, आणि मेले तर मेलेले राहू द्या. गोष्ट संपवायची असेल तर संपवा. दशावतारही पहाटे दहीकाला होऊन संपतोच, लोक अंगावरची चादर झटकून घरी जातात. संपलेल्या गोष्टीचं कोणाला वाईट वाटत नाही.

यंदा दिवाळीआधी ट्रंक उन्हात काढली तेव्हा मुलगी मदतीला होती. तळाशी मामानं आणलेली इंद्रजालं सापडली, कडा खाल्लेली. पडवीत बसून तिनं एक वाचलं. मग सुरू झाली. "हा कितवा वेताळ?" एकविसावा. "मग विसावा कोण?" ह्याचा बाप. "आणि बाविसावा?" मी म्हटलं, त्याला जुळी आहेत, किट नावाचा मुलगा आणि हेलॉइज नावाची मुलगी, मुखवटा पहिल्यापासून मुलाकडे जात आलाय. तिनं अंक खाली ठेवला. "हेलॉइजला विचारलंय?"

तो वेताळ तुमचा नाही, मला माहीत आहे. तरी तुम्ही त्याच धंद्यातली माणसं. मी तिला म्हटलं, लिहिणाऱ्यांना विचारून सांगतो.

आपला,
शिरोडा बाजारातला एक गिऱ्हाईक

ता. क. उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. डिक्शनरी अजून ट्रंकेत आहे.